गोल्फची काठी : धरावी कशी, फिरवावी कशी



मजूर चळवळीतल्या माणसाने या व्यासपीठावरून गोल्फवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. धानोऱ्याच्या शिवारात कापूस पिकतो, मिरची पिकते. गोल्फची हिरवळ कुठली? पण नाव काही परके नाही. नाशिकचे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आजही लोकांच्या तोंडी ‘गोल्फ क्लब मैदान’च आहे, आणि तिथे आपल्यापैकी कित्येक जण मोर्चाला जाऊन बसले आहेत. शिवाय हा खेळ पैसेवाल्यांचा म्हणून ओळखला जात असला, तरी त्याची विद्या पुष्कळदा पिशव्या वाहणाऱ्या कॅडींच्या अंगात मुरलेली असते. ती विद्या काय आहे, एवढेच आज सांगायचे आहे.

खेळ समजायला सोपा आहे. काठीने चेंडू मारीत मारीत तो १०८ मिलिमीटर रुंदीच्या भोकात घालायचा. अशी अठरा भोके. ज्याचे टोले सर्वांत कमी, तो जिंकला. चेंडूचे वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त नसावे आणि व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी नसावा, असा नियम आहे.

आता हत्यारे. काठीला क्लब म्हणतात. पण क्लब म्हणजे जिमखानाही होतो, म्हणून मी काठीच म्हणेन. पिशवीत जास्तीत जास्त १४ काठ्या ठेवता येतात. लोखंडी काठ्यांवर आकडे असतात. आकडा जसा मोठा, तसा दांडा आखूड आणि तोंड अधिक कललेले. म्हणून चेंडू उंच जातो पण जवळ पडतो. नवख्याने पुरा संच घेऊ नये. सात नंबरची, नऊ नंबरची, वाळूतून चेंडू काढायची एक वेज, लांब टोल्यासाठी एक आणि भोकाजवळ चेंडू ढकलायचा पटर, एवढ्या पाच वापरलेल्या काठ्या वर्षभर पुरतात. विकत घेताना आधी मूठ पाहा. मुठीचे रबर गुळगुळीत झाले असेल तर माणूस काठी घट्ट आवळतो, आणि आवळलेल्या हाताने टोला बिघडतो. साबणाच्या पाण्याने रबर धुवा. तरीही निसटत असेल तर बदलून घ्या. बुटांचे तळवे न घसरणारे असावेत.

काठी तळहातात नव्हे, बोटांत धरावी. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा हात वर, उजवा खाली. उजव्या हाताची करंगळी डाव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांमधल्या खाचेवर टेकवायची. हॅरी वॉर्डन या खेळाडूने ही पकड लोकप्रिय केली. पण तीच एक खरी असे नाही. दक्षिण आफ्रिकेत दरबनचा पापवा सेवगोलम हा भारतीय वंशाचा कॅडी स्वतःच शिकला, आणि दोन्ही हात उलटे धरून खेळला. त्याच पकडीवर त्याने १९५९ साली डच ओपन जिंकली. १९६३ साली नाताळ ओपन जिंकली, तेव्हा क्लबघरात गोऱ्यांखेरीज कोणाला प्रवेश नव्हता. त्याला चषक बाहेर पावसात घ्यावा लागला.

टोल्याचे मर्म कुऱ्हाड चालवणाऱ्याला लगेच कळेल. सरावलेला लाकूडतोड्या दांडा आवळत नाही. कुऱ्हाडीच्या वजनाला काम करू देतो. इथेही तसेच. पाय खांद्याइतके फाकवा, गुडघे किंचित सैल सोडा, कमरेतून वाका, पाठीचा कणा सरळ ठेवा. काठी मागे नेताना खांदे वळतात आणि भार मागच्या पायावर जातो. खाली येताना आधी भार पुढच्या पायावर येतो, मग कंबर वळते, मग हात येतात आणि सर्वांत शेवटी काठी. हात आधी धावले की जोर वाया जातो. नवखा माणूस चेंडू वर उडावा म्हणून काठीने तो उचलायला बघतो, आणि काठी जमिनीत रुतते. चेंडू उचलण्याचे काम काठीच्या कललेल्या तोंडाचे आहे. लोखंडी काठी उतरत्या वाटेने आधी चेंडूला लागावी, मग गवताला.

शिकावे मात्र भोकापासून मागे. फेरीतल्या दर पाच टोल्यांपैकी साधारण दोन पटरचे असतात. मनगट न मोडता, घड्याळाच्या लंबकासारखे खांदे हलवून तीन पावलांवरून चेंडू ढकलण्याचा सराव अंगणातही होतो. मग अर्धा टोला, आणि पुरा टोला सर्वांत शेवटी.

शरीराचे म्हणाल, तर एका फेरीत आठ-दहा किलोमीटर चाल होते. खेळण्यापूर्वी दहा मिनिटे भरभर चालावे, खांदे आणि कंबर मोकळी करावी. वळणे कुल्ह्यांतून आणि छातीच्या मागच्या पाठीतून व्हावे. ते न वळल्यास सारा पीळ कमरेच्या मणक्यांवर येतो, म्हणूनच या खेळात कंबरदुखी फार. कोपराच्या आतल्या बाजूला दुखू लागले तर पकड सैल करावी, विश्रांती घ्यावी. एका पायावर तोल सांभाळणे, अर्ध्या बैठका, पोटाचे स्नायू ताठ ठेवण्याचे व्यायाम, एवढे रोज पुरे. आपल्याकडच्या उन्हात पहाटे खेळावे, पाणी जवळ ठेवावे, आणि ढग गडगडताच मैदान सोडून पक्क्या इमारतीत जावे. झाडाखाली उभे राहू नये. वयाची सबब नको. महूचे मुकेश कुमार यांनी २०१६ साली दिल्लीत पॅनासॉनिक ओपन जिंकली, तेव्हा ते ५१ वर्षांचे होते.

आणि कॅडीचे काय? भरलेली पिशवी १२-१५ किलोपर्यंत जाते. एका पट्ट्याने एकाच खांद्यावर ती रोज वाहिली की पाठ कायमची वाकडी चालू लागते. कोणती काठी घ्यावी, उतार कुठे आहे, हे सांगतो तोच. दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणून वाढलेले अली शेर यांनी १९९१ साली इंडियन ओपन जिंकली. तोवर कोणाही भारतीय व्यावसायिक खेळाडूला ते जमले नव्हते. कोलकात्याच्या हिरवळीची देखभाल करणाऱ्या कामगाराचा मुलगा चौरसिया २००८ साली इंडियन मास्टर्स जिंकला. म्हणजे गुण होतेच. दार तेवढे बंद होते.

कायद्यानेही वेळ लावला. १९६७ साली मद्रास जिमखान्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदांचा क्लब हा ‘उद्योग’ नव्हे असे ठरवले; १९७८ साली बंगलोर पाणीपुरवठा खटल्यात सात न्यायाधीशांच्या पीठाने ते मत फिरवले. पण कॅडीला मजुरी बहुधा फेरीगणिक मिळते आणि हजेरीपटावर त्याचे नाव नसते. मग निकालाचा लाभ त्याच्यापर्यंत पोचणार कसा?

म्हणून मुंबई-पुण्याला गेलेली आपली मुले उद्या या मैदानांवर कामाला लागली, तर त्यांना दोन गोष्टी सांगा. पिशवी दोन पट्ट्यांची मागा, मजुरीचा दर लेखी मागा, आणि विमाही मागा. दुसरी गोष्ट, मोकळ्या वेळी मालकाची काठी मागून टोला मारून पाहा. आणि जो खेळाडू असेल त्याने पाचच काठ्या घेऊन निघावे. खेळ त्याचा सुधारेल, आणि खांदा दुसऱ्याचा वाचेल.