सीआरपीचा आकडा आणि लिथियमची गोळी

लिथियमची पातळी तपासायची असेल तर हिरव्या झाकणाची ट्यूब हातात घ्यायची नाही, हे लॅबमध्ये पहिल्याच आठवड्यात बजावतात. तिच्यात रक्त गोठू नये म्हणून बहुधा लिथियम हेपॅरिन असतं. त्यामुळे पेशंटचं लिथियम उगाच वाढलेलं दिसतं. म्हणून लाल झाकणाची ट्यूब. तीही रात्रीच्या गोळीनंतर साधारण १२ तासांनी, सकाळची गोळी घ्यायच्या आधी भरायची.

बायपोलर या मनाच्या आजारावर लिथियम देतात; अशा पेशंटच्या चिठ्ठीवर कधीकधी लिथियमखाली सीआरपीही लिहिलेली असते. शरीरात कुठे सूज किंवा जंतुसंसर्ग असला की इंटरल्युकिन-६ च्या इशाऱ्यावर यकृत सीआरपी हे प्रथिन तयार करतं. स्लाइडवर सीरमचा थेंब, शेजारी पांढऱ्या लॅटेक्सचा थेंब. दोन्ही काडीने कालवायचे आणि स्लाइड दोन मिनिटं गोल फिरवत राहायची. सीआरपी वाढलेलं असेल तर दूध नासल्यासारखे बारीक कण दिसू लागतात.

हे कण मनाबद्दल काय सांगतात? अनेक अभ्यासांत बायपोलरच्या रुग्णांचं, त्यातही मेनियाच्या काळात, सीआरपी सरासरीने जास्त आढळलं आहे. पण सरासरी गटाची असते. समोर बसलेल्याची दाढ सुजलेली असेल, वजन जास्त असेल, नुकताच ताप येऊन गेला असेल, तरी आकडा चढतो. त्यावरून बायपोलरचं निदान होत नाही. सूज आधी की आजार आधी, हेही अजून ठरलेलं नाही. सूज दाबणारं इन्फ्लिक्सिमॅब बायपोलरच्या नैराश्यावर देऊन पाहिलं, तेव्हा एकूण गटात ते प्लासिबोपेक्षा सरस ठरलं नाही.

रिपोर्ट न्यायला आलेल्या एका आईने मात्र सरळ विचारलं, "सूज आहे म्हणतात, मग याला आयब्युप्रोफेन देऊ का?"

"काकू, डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको."

आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांमुळे मूत्रपिंडं लिथियम कमी बाहेर टाकतात. पातळी सहसा ०.६ ते १.० मिलिमोल प्रतिलिटर राखतात, १.५ च्या पुढे विषबाधेचा धोका असतो. हात जोरात थरथरतात, उलट्या-जुलाब होतात, तोल जातो. म्हणजे सूज उतरवण्याच्या नादात जपून सांभाळलेलं औषधच अंगावर उलटायचं.

म्हणून लिथियमवरच्या प्रत्येकाला मी विचारतेच, गुडघ्यासाठी, डोक्यासाठी मेडिकलमधून परस्पर काही घेतलंत का? घेतलं असेल तर त्या गोळीचं नाव मी रिपोर्टवर लिहून डॉक्टरांना फोन करते.