अर्धामुर्धा भोवरा

इंदुरीजवळच्या कुंडमळ्यात इंद्रायणीच्या पात्रातले रांजणखळगे मावळात सर्वांच्या परिचयाचे. भोवऱ्यात गरगरणाऱ्या दगडगोट्यांनी खडक घासून ते कोरले. नदीतल्या भोवऱ्याला मापाचे बंधन नसते. वीज रोधाविना वाहू देणाऱ्या अतिसंवाहक पदार्थात चुंबकीय क्षेत्र शिरले की विजेचे जे सूक्ष्म भोवरे उठतात, त्यांना मात्र ते असते. प्रत्येकातून जाणारा चुंबकीय प्रवाह ठरलेला, सगळ्यांचा सारखा. हे भोवरे एकमेकांना दूर ढकलतात आणि नियमित जाळीत उभे राहतात, असे भौतिकशास्त्रज्ञ अब्रिकोसोव्ह यांनी १९५७ मध्ये मांडले. २००३ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

हा केवळ पुस्तकी विषय नाही. एमआरआय यंत्रातल्या नायोबियम-टायटॅनियमच्या तारेत असेच भोवरे असतात. ते सरकले की उष्णता निर्माण होते, म्हणून तारेत मुद्दाम दोष ठेवून त्यांना जागच्या जागी खिळवतात.

काही पदार्थांत मात्र वीज वाहणाऱ्या इलेक्ट्रॉन-जोड्यांचे दोन गट एकत्र नांदतात. त्या पदार्थांतला एक मुंबईत सापडला. टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि आयआयटीतल्या शास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये यिट्रियम, निकेल, बोरॉन व कार्बन यांच्या संयुगात सुमारे १२ केल्विनला अतिसंवाहकता दाखवली. त्यात एकाहून अधिक गट असल्याचा पुरावा २००५ मध्ये टाटा संस्थेतल्याच प्रताप रायचौधुरी यांच्या चमूने मांडला. ३९ केल्विनला रोध टाकणारे मॅग्नेशियम डायबोराइड हे या जातीचे प्रसिद्ध उदाहरण. त्याच्या अतिसंवाहकतेचा शोध २००१ मध्ये जपानमधून जाहीर झाला.

गट दोन असले की भोवऱ्याचे गाभेही दोन होतात, एक रुंद आणि एक अरुंद. लांबून रुंद गाभे एकमेकांत मिसळतात आणि भोवरे ओढले जातात. फार जवळ आले की पुन्हा ढकलाढकली. परिणामी सारखी जाळी न होता भोवऱ्यांचे पुंजके व्हावेत, असे संशोधक बाबाएव आणि स्पेट यांनी २००५ मध्ये सुचवले. मॅग्नेशियम डायबोराइडमध्ये असे पुंजके दिसल्याचा दावा २००९ मध्ये झाला, पण त्याच्या अर्थावर वाद आहे.

त्याहून विलक्षण गोष्ट २०२३ ची. एकच गट फिरला आणि दुसरा स्वस्थ राहिला, तर भोवऱ्यात ठरलेल्या प्रवाहाचा फक्त काही अंश उरतो. गटांचा वाटा तापमानाबरोबर बदलतो, म्हणून तो अंशही बदलतो. बाबाएव यांचे हे जुने भाकीत बेरियम-पोटॅशियम-लोह-आर्सेनिकच्या संयुगात स्टॅनफर्डच्या शास्त्रज्ञांना प्रत्यक्ष मोजता आले.

दोन गटांचे पदार्थ वापरातही आले आहेत. मॅग्नेशियम डायबोराइडच्या तारांचे, द्रव हेलियमविना चालणारे एमआरआय यंत्र इटलीत तयार झालेच आहे. अतिसंवाहकाची लायकी तो किती तापमानाला रोध टाकतो एवढ्यावरच ठरत नाही. त्याच्या पोटातले भोवरे किती काबूत राहतात, यावरही ठरते.