अ‍ॅल्युमिनियमची भुकटी आणि अग्निबाण



घरातले अ‍ॅल्युमिनियमचे पातेले रोज शेगडीवर चढते, पण पेटत नाही. तरीही याच धातूची बारीक भुकटी अग्निबाणाच्या घन इंधनात मुद्दाम मिसळतात. असे का, ते आपण पाहू.

१४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ ला घेऊन उडालेल्या एलव्हीएम-३ च्या दोन्ही बाजूंना घन इंधनाच्या मोटारी होत्या. प्रत्येकीत सुमारे २०० टन इंधन होते. त्यात अमोनियम परक्लोरेट ऑक्सिजन पुरवते, रबरासारखा पदार्थ मिश्रण बांधून ठेवतो आणि अ‍ॅल्युमिनियम जळून उष्णता वाढवते.

अ‍ॅल्युमिनियमच्या प्रत्येक कणावर ऑक्साइडची पातळ साल असते. आतला धातू ६६० अंश सेल्सियसला वितळतो, साल मात्र सुमारे २०७० अंशांना. त्यामुळे कण लगेच पेटत नाहीत. इंधनाच्या जळत्या पृष्ठभागावर ते एकमेकांस चिकटून मोठे थेंब बनतात. मोठा थेंब सावकाश जळतो. तो पुरता जळण्याआधीच बाहेर फेकला गेला, तर तेवढी शक्ती वाया जाते.

मग भुकटी अतिशय बारीक का करू नये? कारण तेव्हा सालीचा वाटा वाढतो, धातू कमी उरतो आणि मिश्रण घट्ट होऊन ओतता येत नाही. म्हणून कणांचे योग्य माप ठरवावे लागते. आपल्या हैदराबादेत घन इंधनावरची अग्नी क्षेपणास्त्रे घडली. अशा इंधनांवर पुण्याच्या प्रयोगशाळेत संशोधन होते.

पालकांस आग्रहाची विनंती: फटाक्यांतला पांढरा झगमगाटही बहुधा याच भुकटीचा असतो. हवेत उडालेली भुकटी एका ठिणगीने स्फोटासारखी पेटते. मुलांना फटाके फोडून दारू गोळा करू देऊ नये.