चाकाच्या खुर्चीला हवी वाट

मुलांनो, एक सोपा प्रश्न विचारते. तुमच्या इमारतीच्या दारापासून रस्त्यापर्यंत पायऱ्या किती आहेत? न मोजता सांगायचं हं!

काय, आठवेना ना? रोज चार वेळा त्याच पायऱ्यांवरून तुम्ही उड्या मारत जाता, तरी आकडा सांगता येत नाही. साहजिकच आहे. ज्याचे पाय धड आहेत त्याला पायरी दिसतच नाही. पण हाच प्रश्न चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाला विचारा. पायऱ्या किती, त्यातली कुठली जास्त उंच, कुठलीचा कोपरा फुटलाय, सगळं तो तोंडपाठ सांगेल!

खुर्ची मिळते कुठे?

चाकाची खुर्ची म्हणजेच व्हीलचेअर. घरात कुणाचं खुब्याचं हाड मोडलं, कुणाला पक्षाघात झाला, की दवाखान्यातून घरी येताना पहिली गरज पडते ती हिची. पण चार-सहा महिन्यांसाठी नवी खुर्ची विकत घेणं सगळ्यांनाच परवडतं असं नाही. अशा वेळी उपयोगी पडतं ते रुग्णोपयोगी साहित्य केंद्र. मुलुंड, ठाणे, डोंबिवली अशा ठिकाणी सेवाभावी मंडळी अशी केंद्रं चालवतात. कुठे एखादा गाळा, कुठे मंडळाच्या कार्यालयातली एक खोली. तिथे चाकाची खुर्ची, वॉकर, कुबड्या, वर-खाली होणारी कॉट असं सामान मिळतं. अनामत रक्कम ठेवायची, थोडंसं भाडं द्यायचं आणि काम झालं की वस्तू पुसून, स्वच्छ करून परत करायची. म्हणजे पुस्तकांचं वाचनालय असतं ना, तसंच हे!

घरोघरचे अनुभव

अशा खुर्चीत बसलेल्या काही जणांशी मी मुलुंडमध्ये गप्पा मारल्या. त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत ऐका.

एक आजी म्हणाल्या, "खुर्ची घरात आली त्या दिवशी मी रडले गं! वाटलं, आता संपलंच सगळं. पण दुसऱ्या दिवशी सुनेने मला खिडकीशी नेलं. दीड महिन्यानं रस्ता पाहिला. तेव्हा कळलं, ही खुर्ची बसवून ठेवायला नाही, फिरवायला आली आहे."

मुलुंड पूर्वेच्या एका आजोबांची गोष्ट वेगळी. त्यांची इमारत जुनी, लिफ्ट नाही आणि घर तिसऱ्या मजल्यावर. ते म्हणाले, "खुर्ची आहे, चाकं आहेत, पण जायचं कुठं? हॉल ते स्वयंपाकघर! डॉक्टरांकडे जायचं तर चार जणांनी उचलून न्यावं लागतं. सगळ्यांना कामं असतात. मलाच संकोच वाटतो. मग मी म्हणतो, राहू दे, बरं आहे माझं."

हे 'बरं आहे माझं' खरं नसतं, बरं का!

एका तरुण ताईने आणखी एक गोष्ट सांगितली. "दुकानात गेलं की दुकानदार माझ्या भावाला विचारतो, 'यांना काय हवंय?' अरे, पाय चालत नाहीत, तोंड चालतं ना माझं! आणि काही जण न विचारताच मागून ढकलायला लागतात. तुम्ही रस्त्यानं चालताना कुणी अचानक मागून ढकललं तर चालेल का तुम्हाला?"

मापाची खुर्ची

तुम्ही दुसऱ्याच्या मापाचे बूट घालून दिवसभर फिराल का? खुर्चीचंही तसंच आहे. बैठक फार रुंद असली तर माणूस एका बाजूला कलतो, पाठ दुखते. फार अरुंद असली तर कातडी घासते. ज्यांच्या पायांना संवेदना नसतात त्यांना तर दुखतंय हे कळतही नाही. एकाच जागी भार पडून तिथे जखम होते. तिला दाबव्रण म्हणतात आणि ती भरून यायला महिनेच्या महिने लागतात. म्हणून बैठकीवर चांगली गादी हवी आणि हातांनी अंग उचलून थोड्या-थोड्या वेळाने भार बदलायला हवा.

साहित्य केंद्रातली खुर्ची थोड्या दिवसांसाठी ठीक. पण जिला कायम खुर्चीच वापरायची आहे त्या व्यक्तीला तिच्या मापाचीच खुर्ची हवी. त्यासाठी मुंबईत हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. ती 1955 साली सुरू झाली. केंद्र सरकारची 'एडिप' नावाची योजनाही आहे. अपंगत्वाचा दाखला आणि उत्पन्नाची कागदपत्रं दाखवली की त्या योजनेतून गरजूंना साधनं मिळू शकतात. घरातल्या मोठ्यांनी याची चौकशी जरूर करावी.

खुर्चीचा थोडा इतिहास

सन 1655 च्या सुमारास जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग गावात स्टीफन फार्फलर नावाचा घड्याळजी होता. त्याला चालता येत नसे. पठ्ठ्याने हाताने दांडा फिरवून चालवायची तीन चाकी गाडी स्वतःच बनवली! पुढे अमेरिकेत हर्बर्ट एव्हरेस्ट हे खाणीतल्या अपघातामुळे अपंग झालेले इंजिनिअर आणि त्यांचे मित्र हॅरी जेनिंग्ज यांनी 1933 मध्ये पोलादी नळ्यांची, घडी घालता येणारी खुर्ची तयार केली. आज दवाखान्यांत दिसणारी खुर्ची तिचीच वंशज.

आणि ही दोन्ही नावं कुणाची ते लक्षात आलं ना? ज्याला गरज होती त्याने स्वतः, आणि दुसऱ्या वेळी मित्राला घेऊन!

आपली माणसं

सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. पण ते पोहायला शिकले आणि 1972 साली पश्चिम जर्मनीत हायडलबर्गच्या पॅरालिम्पिक स्पर्धेत 50 मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी सुवर्णपदक जिंकलं. भारताचं ते पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण! 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांना तर सोळाव्या वर्षी अपंगत्व आलं. स्वतः खुर्चीत बसून त्यांनी 1984 साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली आणि अपंग मुलांना शिकण्याची वाट करून दिली. त्यांच्या आत्मचरित्राचं नाव आहे 'चाकाची खुर्ची'.

गणित घ्या सोडवायला

अपंगांच्या हक्कांसाठी आपल्या देशात 1995 मध्ये कायदा झाला आणि त्याच्या जागी 2016 मध्ये नवा, अधिक व्यापक कायदा आला. सार्वजनिक जागा सर्वांना वापरता याव्यात असं तो सांगतो. पण कायदा कागदावर असतो आणि पायरी दारात!

पायरीला उत्तर म्हणजे उतार. तो किती लांब हवा? नियम असा: उंचीच्या बारापट लांबी. पायरी 15 सेंटिमीटर उंच असेल तर उतार 180 सेंटिमीटर लांब हवा. तीन पायऱ्या असतील तर? करा गुणाकार! (उत्तर 540 सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ साडेपाच मीटर.) आता कळलं ना, काही ठिकाणी घातलेले तोकडे, घसरगुंडीसारखे उतार कुणाच्याच कामाचे का नसतात ते?

या रविवारी मोजपट्टी घ्या. आपल्या इमारतीचं दार, शाळा, वाचनालय, नेहमीचा दवाखाना इथल्या पायऱ्यांची उंची मोजा. दारांची रुंदीही मोजा. ती 90 सेंटिमीटर असेल तर खुर्ची सहज जाते. सगळं वहीत लिहा आणि सोसायटीच्या सेक्रेटरी काकांना किंवा मुख्याध्यापकांना दाखवा. आकडे लिहून नेले की मोठी माणसं नीट ऐकतात, हा माझा वर्गातला अनुभव आहे!

खुर्चीतल्या माणसाला मदत करताना एवढं मात्र पाळा. आधी विचारा, "मदत करू का?" बोलताना त्याच्याशीच बोला आणि जमलं तर समोर बसून बोला. माणूस उठायच्या किंवा बसायच्या आधी दोन्ही ब्रेक लावा. आणि तीव्र उतारावरून खुर्ची उलटी, मागे-मागे नेत उतरवा. मोठं माणूस सोबत हवंच.

पालकांना एक विनंती. घरातला आजारी माणूस बरा झाला की केंद्रातून आणलेली खुर्ची दाराआड घडी घालून राहते. हळूहळू तिच्यावर कपडे वाळत पडतात. तेव्हा तीच खुर्ची मिळावी म्हणून कुणीतरी केंद्रात नाव नोंदवून बसलेलं असतं. त्या कुणाला तरी खिडकीपर्यंत जायचं असतं, रस्ता बघायचा असतो.

मुलांनो, तुमच्या घरी अशी खुर्ची असेल तर आजच आईबाबांना विचारा, "ही परत कधी द्यायची?"