‘द सिम्स २’ : एका जीवनसदृश संगणकीय खेळाच्या दुसऱ्या भागाची बलस्थाने व मर्यादा

प्रस्तावना :

संगणकीय खेळांचा विचार आपल्याकडे बहुधा विद्यार्थ्यांच्या वाया जाणाऱ्या वेळेच्या संदर्भातच केला जातो. तथापि, कुटुंबसंस्था हा विषय शिकविणाऱ्या अध्यापकाने एका खेळाची दखल घेणे प्रस्तुत लेखकास अगत्याचे वाटते. विल राइट यांनी रचलेला ‘द सिम्स’ हा खेळ मॅक्सिस या कंपनीने २००० साली आणला. १९९१ मध्ये अमेरिकेतील ओकलंड येथील वणव्यात राइट यांचे घर जळाले होते. संसार पुन्हा उभारताना माणसाला कोणकोणत्या वस्तू लागतात, या अनुभवातून खेळाची कल्पना आकारास आली. यात हारजीत नाही. घर बांधावे, माणसे वसवावीत आणि त्यांची भूक, झोप, करमणूक सांभाळावी, एवढेच. सप्टेंबर २००४ मध्ये आलेल्या दुसऱ्या भागाच्या पहिल्या दहा दिवसांतच दहा लाख प्रती खपल्या. जानेवारी २०२५ मध्ये तो पुन्हा विक्रीस आला.

बलस्थाने :

पहिल्या भागातील मूल कायम मूलच राहत असे. दुसऱ्या भागाने वय आणले. तान्हेपण, बाल्य, कुमारवय, प्रौढत्व, वार्धक्य आणि वार्धक्याने येणारा मृत्यू, अशा अवस्थांमुळे खेळात प्रथमच ‘पिढी’ ही संकल्पना अवतरली. डोळ्यांचा व केसांचा रंग प्रभावी-अप्रभावी गुणांच्या नियमाने अपत्यात उतरतो. विवाह, अपत्यजन्म, आप्तांचा मृत्यू या घटना पात्रांच्या स्मृतीत राहतात. मुलास खासगी शाळेत प्रवेश हवा असल्यास मुख्याध्यापकांना घरी बोलावून जेवू घालावे लागते, घर फिरून दाखवावे लागते व त्यावर ते गुण देतात. नॅक समितीच्या भेटीचा अनुभव असणाऱ्यांस हा प्रसंग विशेष भावेल!

मर्यादा :

प्रत्येक प्रौढ पात्रास जीवनाचे एक ध्येय निवडावे लागते : धन, ज्ञान, कुटुंब, लोकप्रियता किंवा प्रणय. आपल्या चार पुरुषार्थांपैकी अर्थ व काम येथे सहज सापडतात. धर्म व मोक्ष यांस जागा नाही. अर्थात, अमेरिकी उपनगराच्या चित्राकडून ही अपेक्षा करणे फारसे न्याय्य नव्हे.

अधिक गंभीर दोष काळाच्या रचनेत आहे. खेळणारा ज्या घरात असतो, त्याच घरातील माणसांचे वय वाढते. शेजारची घरे थांबलेली असतात. परिणामी दोन भावांपैकी एक वेगळा राहू लागला व त्याचे घर उघडलेच नाही, तर थोरला म्हातारा होऊन मरतो आणि धाकटा तरुणच राहतो. काळ ही येथे ज्या त्या घराची खासगी मालमत्ता झाली आहे. सण, दुष्काळ, साथ, निवडणूक यांनी सर्व गाव एकाच वेळी ढवळून निघते, तसे येथे घडत नाही. २००९ च्या तिसऱ्या भागाने सर्व वस्ती एकत्र चालती केली खरी; परंतु तेव्हा शेजाऱ्यांचे विवाह व स्थलांतरे खेळणाऱ्याच्या नकळत होऊ लागली. २०१४ चा चौथा भाग पुन्हा सुट्या घरांकडे वळला आणि त्यात रांगती मुले जानेवारी २०१७ पर्यंत नव्हतीच.

नात्यांची बाबही विचारार्ह आहे. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात भारतातील आप्तसंबंधांचा अभ्यास करताना नातेवाचक शब्दांना मोठे महत्त्व दिले. या खेळाच्या इंग्रजीत मामा आणि काका यांना मात्र एकच शब्द आहे. मामाचे घर व काकाचे घर यांतील भेद जेथे विवाहसंबंधांपर्यंत पोहोचतो, त्या आपल्या भागातील वाचकास ही वंशावळ अपुरी वाटल्याखेरीज राहत नाही.

खेळातील वस्तीत बागा व दुकाने आहेत. पण सामाईक मालकीचे काही नाही. आपल्याच जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. असे गाव या खेळात मांडताच येत नाही. वर्गात हा खेळ समजावून सांगितला असता एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, ही माणसे मोहफुले वेचायला कुठे जातात?” खेळात झाडे आहेत. ती सूचीतून निवडून, पैसे भरून अंगणात लावावयाची असतात. अंगणापलीकडची झाडे केवळ देखाव्यासाठी आहेत.