ऋतुनिवृत्तीनंतरचे औषध : किती वर्षे घ्यावे?

पन्नाशीला आलेली एखादी गृहिणी मध्यरात्री घामाने ओलीचिंब होऊन जागी होते, पंखा मोठा करते, पुन्हा आडवी पडते आणि पहाटेपर्यंत छताकडे पाहत राहते. अंगातून निघणाऱ्या गरम वाफा, उडालेली झोप, चिडचिडा झालेला स्वभाव, दुखणारे सांधे हे सारे वयाचे भोग समजून पुष्कळ स्त्रिया मुकाट्याने सोसतात. काही जणी डॉक्टरांकडे जातात, हॉर्मोनची गोळी सुरू होते आणि थोड्याच आठवड्यांत हरवलेली झोप परत येते. खरा प्रश्न उभा राहतो तो त्यानंतर. सात-आठ वर्षे लोटतात, औषध चालूच असते आणि एके दिवशी भेटीला आलेली धाकटी बहीण विचारते, “ताई, अजून ती गोळी घेतेस? अगं, तिने कॅन्सर होतो म्हणे!” ताई घाबरून गोळी सोडते आणि त्या घामाच्या रात्री पुन्हा सुरू होतात. या दोघींपैकी बरोबर कोण, हे ठरविण्यापूर्वी शरीरात काय घडते आणि या औषधाचा इतिहास काय, या दोन्ही गोष्टी पाहिल्या पाहिजेत.

पाळी सलग बारा महिने आली नाही म्हणजे ऋतुनिवृत्ती झाली, असे वैद्यकशास्त्र मानते. युरोप-अमेरिकेत हे वय सरासरीने ५१ च्या आसपास असते; भारतात ते ४६-४७ च्या सुमारास, म्हणजे काही वर्षे आधीच येते. बीजकोशांतून स्रवणारे एस्ट्रोजेन नावाचे हॉर्मोन या काळात फार कमी होते. त्याच्या अभावी मेंदूतील उष्णतेचे नियमन करणारे केंद्र बिथरते व वाफा येऊ लागतात. हाडांची झीज वेगाने होते. योनिमार्ग कोरडा पडतो व लघवीच्या तक्रारी सुरू होतात. हा त्रास वर्षा-दोन वर्षांत आपोआप थांबतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु २०१५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या दीर्घ पाहणीत, ज्या स्त्रियांना वारंवार वाफा येत, त्यांचा त्रास मध्यम मानाने सात वर्षांहून अधिक काळ टिकल्याचे दिसले. तेव्हा सात वर्षांनी गोळी सोडल्यावर वाफा परत आल्या, तर त्यात नवल नाही.

या उपचाराचा इतिहास आशा व भीती यांच्या हेलकाव्यांचा आहे. १९४२ साली अमेरिकेत ‘प्रेमारिन’ ही गोळी विक्रीस आली. गाभण घोडीच्या मूत्रापासून काढलेले एस्ट्रोजेन तिच्यात असे. १९६६ साली न्यूयॉर्कच्या रॉबर्ट विल्सन या डॉक्टरांनी ‘फेमिनाइन फॉरएव्हर’ हे पुस्तक लिहून, हे औषध म्हणजे चिरतारुण्याची किल्लीच होय असा गाजावाजा केला. परंतु १९७५ साली दोन शोधनिबंधांनी दाखवून दिले, की नुसते एस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग अधिक होतो. कारण उघड होते : एस्ट्रोजेनने हे अस्तर वाढत जाते आणि त्या वाढीला आवर घालणारे प्रोजेस्टेरॉन त्यांना मिळत नव्हते. तेव्हापासून नियम रूढ झाला, की गर्भाशय असलेल्या स्त्रीला दोन्ही हॉर्मोने द्यावयाची. ज्या स्त्रीची पिशवी काढलेली आहे, तिला सामान्यतः केवळ एस्ट्रोजेन पुरते.

पुढे या औषधाने हृदयविकारही टळतो असा विश्वास बळावला. तो पारखून पाहण्यासाठी अमेरिकन सरकारच्या आरोग्यसंस्थेने १९९१ पासून ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ हा प्रचंड अभ्यास हाती घेतला. त्यातील १६,६०८ स्त्रियांच्या एका गटात निम्म्यांना दोन्ही हॉर्मोने व निम्म्यांना औषध नसलेली सारखीच गोळी दिली. जुलै २००२ मध्ये हा भाग मुदतीपूर्वीच थांबविण्यात आला. दहा हजार स्त्रियांनी एक वर्ष औषध घेतले, तर हृदयविकाराचे ७, पक्षाघाताचे ८, फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकण्याचे ८ व स्तनाच्या कर्करोगाचे ८ रुग्ण अधिक आढळले. उलट खुब्याचे हाड मोडण्याचे ५ व मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे ६ रुग्ण कमी झाले. वर्तमानपत्रांनी यातील भयच तेवढे ठळक छापले आणि जगभर लक्षावधी स्त्रियांनी औषध सोडून दिले.

तथापि त्या अभ्यासातील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात आली नाही. ऋतुनिवृत्तीनंतर दहा-बारा वर्षांनी, रक्तवाहिन्या कडक होऊ लागल्यावर औषध सुरू करणे वेगळे. वाफांनी हैराण झालेल्या पन्नाशीच्या स्त्रीने ते सुरू करणे वेगळे. पुढील विश्लेषणांतून असे निष्पन्न झाले, की साठीच्या आत किंवा ऋतुनिवृत्तीपासून दहा वर्षांच्या आत आरंभ करणाऱ्या निरोगी स्त्रियांत लाभाचे पारडे बहुधा जड असते. याच अभ्यासातील स्त्रियांचा अठरा वर्षे मागोवा घेऊन २०१७ साली जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्यात औषध घेणाऱ्या व न घेणाऱ्या स्त्रियांच्या एकूण मृत्यूंच्या प्रमाणात फरक आढळला नाही.

मग धाकट्या बहिणीची भीती निराधार म्हणावी काय? तसेही नाही. २०१९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात अनेक देशांतील माहिती एकत्र करून काढलेले आकडे प्रसिद्ध झाले. पाश्चात्त्य देशांतील स्त्रियांनी पन्नासाव्या वर्षापासून पाच वर्षे दोन्ही हॉर्मोने रोज घेतली, तर पुढील वीस वर्षांत दर ५० जणींमागे स्तनाच्या कर्करोगाची सुमारे एक रुग्ण वाढते. नुसते एस्ट्रोजेन घेणाऱ्यांत हेच प्रमाण २०० जणींमागे सुमारे एक असे आहे. औषध दहा वर्षे घेतल्यास ही वाढ जवळजवळ दुप्पट होते आणि बंद केल्यावरही तिचा काही अंश बराच काळ उरतो. म्हणजे वर्षांचा हिशेब ठेवणे भागच आहे. दुसरीकडे, औषधाने हाडांना मिळणारे संरक्षण ते सोडल्यावर काही वर्षांतच ओसरते, हीही नोंद त्याच वहीत करावी लागते.

औषध कोणत्या वाटेने शरीरात जाते, यालाही महत्त्व आहे. तोंडाने घेतलेली गोळी प्रथम यकृतातून जाते व रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढविते. त्वचेवर चिकटविण्याची पट्टी किंवा चोळावयाचा जेल यांत हा धोका बराच कमी असतो. ज्यांची तक्रार केवळ कोरडेपणाची वा लघवीची आहे, त्यांना योनिमार्गात लावावयाचे अल्प मात्रेचे मलम पुरेसे असते. ते रक्तात फारच थोडे उतरते, म्हणून वर्षानुवर्षे वापरण्यास सहसा अडचण पडत नाही.

स्त्रियांचा एक वर्ग मात्र या साऱ्या हिशेबाबाहेर ठेवला पाहिजे. ज्यांची पाळी चाळिशीपूर्वीच गेली किंवा ज्यांचे बीजकोश तरुणपणी शस्त्रक्रियेने काढले गेले, त्यांच्या शरीरातून एस्ट्रोजेन अकाली नाहीसे झालेले असते. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांत गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया किती लहान वयात झाल्या, हे २०१९ साली उघडकीस आले व महाराष्ट्र शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. गर्भाशयाबरोबर बीजकोशही गेले असतील, तर हाडे ठिसूळ होणे व हृदयविकार यांचा धोका लवकर ओढवतो. अशा स्त्रियांना, अन्य हरकत नसल्यास, निदान नैसर्गिक ऋतुनिवृत्तीच्या वयापर्यंत हॉर्मोन द्यावे, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. साठीतल्या स्त्रियांचे आकडे दाखवून पस्तिशीच्या स्त्रीचे औषध बंद करणे म्हणजे तिच्यावर अन्यायच होय.

तर मग किती वर्षे? उत्तर अमेरिकेतील ऋतुनिवृत्ती-तज्ज्ञांच्या संस्थेने २०२२ साली स्पष्ट केले, की साठ किंवा पासष्ट वर्षे पूर्ण झाली एवढ्याच कारणाने औषध बंद करण्याची आवश्यकता नाही. मात्र प्रत्येक स्त्रीचा विचार स्वतंत्रपणे आणि वेळोवेळी व्हावा. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध-प्रशासनानेही या औषधांवरील हृदयविकार, स्तनाचा कर्करोग व स्मृतिभ्रंश यांविषयीचे चौकटीतील इशारे काढण्याचा निर्णय जाहीर केला. याचा अर्थ औषध निर्धोक ठरले असा नव्हे. स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात वा यकृताचा गंभीर विकार झालेल्या स्त्रियांनी ते सामान्यतः घेऊ नये. केवळ हृदयविकार टाळण्यासाठी ते सुरू करू नये, हेही आता सर्वमान्य आहे.

व्यवहारात याचा निष्कर्ष असा, की वर्षातून एकदा डॉक्टरांपुढे बसून काही प्रश्न विचारावेत. ज्या त्रासासाठी औषध घेतले, तो अजून आहे काय? मात्रा कमी करून भागेल काय? गोळीऐवजी पट्टी चालेल काय? रक्तदाब व स्तनांची तपासणी झाली काय? पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्तस्राव झाला, तर मात्र वर्षाची वाट न पाहता ताबडतोब दाखवावे. औषध थांबवावयाचे ठरल्यास ते हळूहळू कमी करता येते. तरी एकदम सोडले काय किंवा हळूहळू सोडले काय, सुमारे निम्म्या स्त्रियांचा त्रास परत येतो. तो परत येणे म्हणजे व्यसन जडले असे नव्हे. औषधाने थोपवून धरलेला मूळचा त्रासच पुन्हा डोके वर काढतो.

त्या दोघी बहिणींपैकी धाकटीची काळजी खोटी नव्हती आणि थोरलीचा त्रासही खोटा नव्हता. चूक झाली ती एवढीच, की औषध आठ वर्षे चालले तेही कोणाला न विचारता आणि बंद झाले तेही कोणाला न विचारता. सुरू करणे, चालू ठेवणे व थांबविणे या तिन्ही गोष्टी समजून-उमजून ठरविण्याच्या आहेत, आणि त्या ठरविताना डॉक्टरांच्या ज्ञानाइतकेच त्या स्त्रीच्या स्वतःच्या अनुभवालाही मोल आहे.