नळीद्वारे आहार घेणाऱ्या दिव्यांग बालकांच्या पचनाच्या तक्रारी आणि घरगुती संगोपन

बीजशब्द : सेरेब्रल पाल्सी, नळीद्वारे आहार, बद्धकोष्ठता, मातेची नोंदवही

प्रस्तावना :
तीव्र सेरेब्रल पाल्सी असलेल्या अनेक बालकांना चावणे व गिळणे या क्रिया सुरक्षितपणे करता येत नाहीत. घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होण्याचा धोका असतो. अशा बालकांना नाकातून जठरापर्यंत घातलेल्या राइल्स ट्यूबने किंवा पोटावरील छिद्रातून बसविलेल्या गॅस्ट्रोस्टॉमी नळीने आहार दिला जातो. पोट न उघडता दुर्बिणीच्या साहाय्याने गॅस्ट्रोस्टॉमी करण्याची पद्धत गॉडरर व पोन्स्की यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केली. नळीमुळे गिळण्याची अडचण दूर होते. परंतु उलटी, पोट फुगणे, बद्धकोष्ठता व जुलाब या तक्रारी कायम राहू शकतात. या तक्रारी परस्परांशी कशा निगडित असतात आणि घरी त्यांची काळजी कशी घ्यावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

तक्रारींचा परस्परसंबंध :
मेंदूला झालेल्या इजेचा परिणाम केवळ हातापायांच्या स्नायूंपुरता मर्यादित नसतो. अन्ननलिका, जठर व आतडी यांच्या हालचालींवरही तो होतो. बालक बहुतांश काळ आडवे असते आणि तहान लागली तरी पाणी मागू शकत नाही. परिणामी मल आतड्यात साचतो. पोट फुगते, जठर रिकामे होण्यास विलंब लागतो आणि अन्न वर येते. उलटी थांबावी म्हणून माता आहार कमी करते. त्याबरोबर पाणीही कमी होते व मल अधिकच कठीण होतो. अशा रीतीने बद्धकोष्ठतेतून निर्माण झालेल्या उलटीचा शेवट कुपोषणात होऊ शकतो. साचलेल्या कठीण मलाच्या बाजूने पातळ मल झिरपतो, तेव्हा त्यास जुलाब समजून औषध दिले जाण्याचाही संभव असतो. म्हणून उलटी वा जुलाब दिसताच शेवटचे शौच केव्हा व कसे झाले, हे प्रथम पाहावे.

आहाराचे स्वरूप :
वरणाचे गाळलेले पाणी नळीतून सहज जाते, परंतु त्यात ऊर्जा फारच अल्प असते. याउलट नाचणीची घट्ट पेज थंड होताच नळीत अडकते. यावर परंपरेतील एक उपाय उपयुक्त ठरतो. नाचणीला मोड येताना अमायलेज हे विकर वाढते व ते पिष्टमय पदार्थाचे विघटन करते. त्यामुळे मोड आणून, वाळवून दळलेल्या पिठाची पेज पातळ राहते आणि तेवढ्याच पेजेत अधिक पीठ सामावते. मात्र कोणता आहार किती द्यावा, हे डॉक्टर व आहारतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच ठरवावे. अनेक औषधी सिरपांत असलेल्या सॉर्बिटॉलनेही जुलाब होऊ शकतात. त्यामुळे सर्व औषधांची यादी डॉक्टरांना दाखवावी.

आहार देण्याची पद्धती :
राइल्स ट्यूब जागेवर असल्याची खात्री रुग्णालयात शिकविलेल्या पद्धतीने प्रत्येक वेळी करावी. आहार देताना बालकाचे डोके व छाती ३० ते ४५ अंश उंच ठेवावी आणि नंतरही किमान अर्धा तास तशीच ठेवावी. सिरिंजचा दट्ट्या जोराने न दाबता आहार सावकाश जाऊ द्यावा. आहारापूर्वी व नंतर सांगितलेल्या प्रमाणात पाणी देऊन नळी स्वच्छ करावी. घरी तयार केलेले अन्न उन्हाळ्यात लवकर नासते, म्हणून ते ताजेच द्यावे. तोंडाने खात नसलेल्या बालकाचे दात व हिरड्याही रोज स्वच्छ कराव्यात. अन्यथा लाळेतील जंतू फुप्फुसात जाऊ शकतात.

मातेची नोंदवही :
बोलू न शकणाऱ्या बालकाच्या बाबतीत मातेचे निरीक्षण हाच निदानाचा मोठा आधार होय. आहाराची वेळ व प्रमाण, पाणी, उलटी, शौच, औषध व वजन यांची नोंद असल्यास वर वर्णिलेली साखळी डॉक्टरांना काही मिनिटांत उमगते. आहार, वेग वा औषध यांत एका वेळी एकच बदल करावा. अनेक बदल एकदम केल्यास कशाने गुण आला हे कळत नाही.

हिरवी किंवा रक्तमिश्रित उलटी, ताठ व दुखरे पोट, श्वासाचा त्रास किंवा सतत मलूलपणा आढळल्यास घरगुती उपाय न करता रुग्णालय गाठावे. गॅस्ट्रोस्टॉमीची नळी निसटल्यास छिद्र काही तासांतच आकसू लागते. त्यामुळे तेव्हाही विलंब करू नये.

समारोप :
दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये अधिक आधाराची गरज असलेल्या व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. दिवसातून पाच-सहा वेळा आहार देणे, रात्री उठून कूस बदलणे आणि शौचाची नोंद ठेवणे हे श्रम बहुधा एकट्या मातेच्या वाट्याला येतात व कुटुंबातही ते श्रम म्हणून गणले जात नाहीत. वडील, आजी वा मोठे भावंड यांनी नळीद्वारे आहार देण्यास शिकणे आणि बाह्यरुग्ण विभागात मातेची वही उघडून वाचली जाणे, या दोन गोष्टी घडल्या तरी बालकाचे वजन व मातेचे आरोग्य या दोहोंचे रक्षण होण्यास मोठे साहाय्य होईल.